दादांचं नाक

माझं नाव विचारायच्या आधी दादांनी माझा वास घेतला होता.

मुलाखतीसाठी मी कोल्हापूरहून आले होते. ठाणे-बेलापूर रस्त्याकडेच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये तीन माणसं समोर बसली होती. दोघं माझी प्रमाणपत्रं चाळत होते. तिसरे पन्नाशी ओलांडलेले, पांढऱ्या कोटाखाली रबरी चपला घातलेले. ते उठले, माझ्या खुर्चीमागून एक फेरी मारून परत जागेवर बसले आणि म्हणाले, "एसटीनं आलीस. मागच्या सीटवर. आनि उलटी होऊ नये म्हनून संत्र्याची साल हुंगत आलीस."

साल माझ्या रुमालात गुंडाळलेली होती आणि रुमाल पर्समध्ये होता. या माणसाला आणखी काय काय कळलं असेल, या विचाराने मी खुर्चीत अंग चोरून बसले.

"घ्या हिला," ते शेजारच्या साहेबांना म्हणाले. "हिला वासाचा उपयोग कलतो."

आमचा कारखाना वास आणि चवी बनवतो. टूथपेस्टमधला पुदिना, मुखवासातली बडीशेप, मुलांच्या खोकल्याच्या औषधातली स्ट्रॉबेरी, हे सगळं कुठेतरी ड्रममध्ये तयार होत असतं, ते आमच्याकडे. लॅबमध्ये यंत्रं आहेत, आमच्यासारखी शिकलेली माणसं आहेत, पण तयार मालाच्या कागदावर शेवटची सही दादांची असायची. कागदाची पट्टी द्रवात बुडवायची, नाकासमोरून एकदा न्यायची, डोळे मिटायचे. मग सही, नाहीतर मान आडवी.

दादा घणसोली गावातले आगरी. शिक्षण सातवी. कारखाना उभा आहे तिथे त्यांच्या वडिलांची भातशेती होती. "हा टेबल हाय ना, हितं आमचा बांध होता," हे ते लाईट गेल्याचं सांगावं तितक्या साधेपणाने सांगायचे. जमीन गेली त्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली, ती ड्रम उचलायची. एकदा गोदामात पाण्याचा पाइप फुटला आणि चाळीस ड्रमांवरची लेबलं लगदा होऊन गळून पडली. सगळे डोक्याला हात लावून उभे असताना हा हमाल झाकणं उघडून एकेक ड्रम सांगत गेला. चाळीसच्या चाळीस बरोबर निघाले. त्या आठवड्यात त्यांना कोट मिळाला. बूट त्यांनी कधी घातले नाहीत.

रसायनांची नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून त्यांनी वासांना घरातल्या जागा दिल्या होत्या. लिंबू, संत्रं ही "दारातली मानसं", येतात, हाक मारतात, निघून जातात. गुलाब, बडीशेप "ओटीवरची". चंदन, व्हॅनिला "माजघरातली, मेल्याशिवाय बाहेर पडत नाय". मी एमएस्सीला दोन वर्षं जे पाठ केलं होतं ते मला या तीन शब्दांत पहिल्यांदा समजलं.

नाकापायी त्यांनी घरच्यांना जेरीस आणलं होतं. साबण नाही, बेसनाने आंघोळ. देवापुढे उदबत्ती नाही. रविवार सोडून कांदा नाही. वहिनी हौसेने गजरा माळायच्या तो घराबाहेर पडल्यावर, जिन्यात. आणि ज्या गावात बाटलीशिवाय हळद लागत नाही, त्या गावात दादांनी उभ्या आयुष्यात दारूला ओठ लावला नव्हता. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "नाक हाय तवर मी हाय."

एकदा मुलांच्या औषधात जाणाऱ्या स्ट्रॉबेरीची अख्खी बॅच त्यांनी अडवली. टाकी धुतल्यावर धुण्याचं सॉल्व्हंट आत राहिलंय, असं त्यांचं म्हणणं. इंजिनियर म्हणाला अशक्य. यंत्र म्हणालं काही नाही. दादा दारात आडवे उभे राहिले आणि ट्रक भरू देईनात. बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेतून चार दिवसांनी अहवाल आला तेव्हा साहेब तो दोनदा वाचून खाली बसले. दादा तेव्हा कॅन्टीनमध्ये ताक पीत होते.

कोरोना त्यांनाही झाला. वीस-बावीस दिवसांनी कामावर आले ते थोडे वाळून आणि पुष्कळ निवळून. पूर्वी पट्ट्यांना हात लावू देत नसत. आता पट्टी बुडवली की पहिली माझ्या हातात द्यायचे आणि समोर बसायचे. "तू सांग." मी हुंगायची, सांगायची. "अजून." मी आणखी सांगायची. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत असायचे. मग स्वतः पट्टी नाकाशी नेऊन म्हणायचे, "बरोबर." कधी म्हणायचे, "परत घे, घाई केलीस." खरंच मी घाई केलेली असायची.

मी वडिलांना फोनवर सांगितलं होतं, इथे एक माणूस मला मुलीसारखं शिकवतो. दीड वर्ष हे असं चाललं. माझं नाक इतकं तयार झालं की साहेब मला धाकटं नाक म्हणायला लागले.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना एक वेगळीच मागणी आली. एका सरबतवाल्या गिऱ्हाइकाला शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या एका कॉकटेलची चव हवी होती, पण दारूशिवाय, सिरपमध्ये. कॉकटेल अ‍ॅबसिंथचं. अ‍ॅबसिंथ म्हणजे हिरवट रंगाची, फार कडक, बडीशेपेच्या वासाची विलायती दारू. त्यांनी अ‍ॅबसिंथची एक बाटली, एक व्हिस्की, कडू अर्काची एक छोटी बाटली आणि जुन्या पुस्तकातल्या कृतीची झेरॉक्स पाठवली. मी अ‍ॅबसिंथचं बूच उघडून हुंगलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, यात दवणा आहे."

तो अगदी दवणा नव्हता. ही दारू ज्या कडू झुडपापासून करतात ते दवण्याच्या नात्यातलं. पण मी जोतिबाच्या पायथ्याशी वाढलेली. चैत्रात डोंगरावर पायरीपायरीला दवण्याचा जो वास उभा असतो, तो त्या बाटलीत कुठेतरी मागे होता.

दादांनी बाटली नाकाला लावली. "हाय," ते म्हणाले. "रविवारी घरी ये. हितं शंभर वास फिरतात. घरी बनवून बघू."

ज्या घरात उदबत्तीला मज्जाव, तिथे दारू. "वहिनी काय म्हणतील?"

"तिला सांगितलाय, कंपनीचा औषध हाय."

मी त्याच गावठाणात भाड्याच्या खोलीत राहायचे, तीन गल्ल्या सोडून. रविवारी सकाळी अकराला निघाले. दादांच्या गल्लीत लग्नाचा मांडव घातलेला होता आणि स्पीकर असा लागला होता की छातीत धडधडत होतं. वहिनी मांडवात तांदूळ निवडायला बसल्या होत्या. मला बघून त्यांनी हातानेच वर खूण केली. दादांचं घर तिसऱ्या मजल्यावर, खाली सगळे भाडेकरू.

जिन्याच्या शेवटच्या वळणावर मी थबकले. गॅस. थोडाथोडका नाही, पायाशी पाणी साचावं तसा साचलेला.

दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं. आत खिडक्या गच्च बंद. बाहेरचा वास आत येऊ नये म्हणून चव घेताना आम्ही नेहमी तसंच करतो. स्वयंपाकघरात चटई टाकून दादा जमिनीवर बसले होते. पुढ्यात हिरवी बाटली, पेले, बर्फाचा डबा, लिंबू. एका पेल्यावर भोकाचा चमचा आडवा ठेवलेला, त्यावर अ‍ॅबसिंथमध्ये भिजवलेला साखरेचा खडा. त्यांच्या मागे, चार हातांवर, ओट्यावर दूध उतू गेलेलं होतं. शेगडी दुधाने विझलेली आणि बटण पूर्ण उघडं.

दादांच्या एका हातात काड्यापेटी होती, दुसऱ्या हातात काडी.

"ये, तुजीच वाट बघत होतो," ते म्हणाले. "मोबाईलवर बघितला मी. या साखरेला आग लावतात."

मी त्यांच्या हातावर झडप घातली. पेटी उडाली, काड्या चटईभर सांडल्या. दादांनी दचकून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं, टक लावून. आणि लॅबमधल्या त्याच शांत आवाजात म्हणाले, "लिंबू जास्त झाला ना? मना पन वाटला."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"दादा," मी म्हणाले, "गॅस आहे. सगळं घर भरलंय गॅसनं."

त्यांनी मान वळवून शेगडीकडे पाहिलं. उतू गेलेलं दूध पाहिलं. मग हातातल्या काडीकडे पाहिलं. ती अजून त्यांच्या चिमटीत होती. ती त्यांनी हळूच, काचेची असावी तशी, जमिनीवर ठेवली.

मी बटण बंद केलं, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, पंख्याला नाही, हे मी मोठ्याने स्वतःलाच सांगत होते. खालच्या भाडेकरूंना शेगड्या बंद करून बाहेर व्हायला सांगून आले. मग दादांना दंडाला धरून गच्चीवर नेलं.

आम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो. मी विचारलं, "कधीपासून?"

"कोरोनापासून."

"काहीच येत नाही?"

"काय नाय. पयल्या दिवशी वाटला येईल. मग वाटला आठवड्यान येईल. डॉक्टर बोलला, लवंग हुंगा, निलगिरी हुंगा, रोज हुंगत रा. हुंगतो. ही दारू लय कडक हाय म्हनून आनली घरी. वाटला, हिनं तरी उघडेल. दारू पिऊन का होईना."

मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात सरकत आली. दीड वर्ष त्यांनी पट्टी आधी माझ्या हातात दिली होती. माझ्याकडे टक लावून बघत होते ते शिकवायला नाही. माझ्या भुवया, नाकपुड्या, ओठ यांवरून ते वास वाचत होते. मी घाई केली की माझ्या चेहऱ्यावर दिसायचं, म्हणून "परत घे". मी स्वतःचं नाक समजत होते ते आम्ही दोघं मिळून वापरत होतो.

"तुम्ही मला शिकवत नव्हतात," मी म्हणाले. रडू येत होतं आणि रागही. "आणि सह्या? लहान मुलांच्या औषधात जातं ते. माझ्या बहिणीच्या लग्नाला मी पंधरा दिवस नव्हते. तेव्हा कुणी सह्या केल्या?"

"तेवा मी पन रजेवर होतो," दादा म्हणाले. "कागद काढून बघ. तू ज्या दिवशी नाय, त्या दिवशी मी नाय. एकदा तुला ताप आला तेवा मी जिन्यावरून परलो असा सांगून घरी गेलो."

मला आठवलं. तेव्हा आम्ही त्यांच्या पाठदुखीला हसलो होतो. नंतर मी खरोखरच कागद काढून पाहिले. एकही सही तशी निघाली नाही. त्या गच्चीवर मात्र त्यांच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे मला कळेना, आणि या माणसाबद्दल असं वाटावं याचाच मला जास्त धक्का बसला होता.

घर मोकळं झाल्यावर मी खाली जाऊन पेले, बाटल्या, बर्फ, कृतीचा कागद, सगळं वर आणलं. का, ते मला सांगता येणार नाही. हातांना काहीतरी काम हवं होतं.

आधी एका पेल्यात थोडं अ‍ॅबसिंथ घेऊन वरून थेंबथेंब गार पाणी सोडलं. हिरवट पारदर्शक दारू पाण्याने गढूळ होत गेली आणि बघता बघता दुधासारखी पांढरी झाली. असं का होतं ते मी कॉलेजात शिकले होते. बडीशेपेचं तेल दारूत विरघळतं, पाण्यात विरघळत नाही. दादा पेला उजेडात धरून बघत राहिले. "हा तरी दिसतंय," ते म्हणाले.

मग कॉकटेल. कृती मी वाचत गेले. साखरेचा खडा कडू अर्काच्या थेंबांनी भिजवून चुरडायचा, व्हिस्की ओतायची, बर्फ घालून ढवळायची. दुसऱ्या गार केलेल्या पेल्यात चमचाभर अ‍ॅबसिंथ घ्यायचं, पेला फिरवून आतून सगळीकडे लावायचं आणि ओतून टाकायचं.

"ओतून टाकाचा?" दादांनी विचारलं. "ज्याच्यासाठी हा सगला केला तोच फेकून द्याचा?"

"हो. पेल्याला नुसता वास राहतो."

मी पुढचं मोठ्याने वाचलं नाही. ढवळलेली व्हिस्की त्या पेल्यात ओतली, वर लिंबाची साल पिळली आणि टाकून दिली, तेही त्यांच्याकडे न बघता.

दादांनी आयुष्यातला पहिला घोट घेतला. मी डोळे मिटले नाहीत, त्यांनीही नाही. "गोड हाय," ते म्हणाले. "मग कडू. मग जलतंय. गार हाय." त्यांनी आणखी एक घोट घेतला, आतमध्ये काही हरवलेलं शोधावं तसा तोंडात फिरवला. "बस. येवढाच."

मी घेतला. माझ्या लॅबमधल्या सवयीने मी सांगत सुटले. आधी लिंबू येऊन गेलं, मग बडीशेप, तिच्या आड पुदिन्यासारखं काहीतरी थंड, व्हिस्कीचं लाकूड, आणि सगळ्यांच्या मागे दवणा. चैत्रातली जोतिबाची वाट.

"दवना कसा असतो?" दादांनी विचारलं.

मला वाटलं ते माझी परीक्षा घेताहेत. "तुम्हाला माहितेय."

"माहीत होता," ते म्हणाले. "नुसता वास गेला असता तर चाललं असतं. आता आठवन पन जातेय, बाय. गेल्या महिन्यात चंदन गेला. मी रोज सकाळी उठून डोल्यासमोर एकेक आनून बघतो, कोन कोन शिल्लक हाय ते."

मी दवण्याचं सांगायचा प्रयत्न केला. कोवळं, थोडं फळासारखं, थोडं ओल्या गवतासारखं, कडवट. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की यातलं काहीही त्यांच्यापर्यंत पोचत नाहीये. ते माझा चेहरा बघत होते.

"उद्या तुम्ही साहेबांना सांगा," मी म्हणाले. "नाहीतर मला सांगावं लागेल." माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठ्या माणसाशी मी असं बोलत होते.

"तू नको सांगू," दादा म्हणाले. "तुजा काय संबंध. मी सांगतो."

वहिनी वर आल्या तेव्हा त्यांनी ओट्यावरचं दूध पाहिलं होतं. दादांनी त्यांना तिथेच सांगितलं. त्या टाकीला टेकून खाली बसल्या. "दोन येला नासलेला कालवन गपचूप खाल्लान," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. "मी समजली, मानूस सुधारला." मग त्यांनी दादांच्या हातातला पेला काढून घेतला, हुंगला आणि तोंड वाकडं केलं.

सोमवारी साहेबांच्या केबिनमध्ये दादा उभे राहून बोलले. साहेब हसले. दादा गंमत करताहेत अशी त्यांची खात्री होती. त्यांनी कपाटातून तीन बाटल्या काढल्या, पट्ट्या बुडवल्या आणि पुढे केल्या. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

मागून दादांचा आवाज आला, "साहेब, कागद हाय. ओला हाय." साहेब खुर्चीतून उठल्याचा आवाज आला.

दीड वर्षातल्या सगळ्या मालाचे राखून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले गेले. सगळे चांगले निघाले. दादांनी ते निकाल यायची वाट पाहिली आणि त्यानंतर राजीनामा दिला. साहेब थांबा म्हणत होते, दुसरं काम बघू म्हणत होते. दादांनी कोट धुऊन, इस्त्री करून परत केला. त्यांच्या सहीची जागा मला मिळाली. पहिले काही महिने मी प्रत्येक पट्टी दोनदा हुंगून मगच सही करायचे. अ‍ॅबसिंथचं सिरप मी पूर्ण केलं. गिऱ्हाइकाला आवडलं. मला ते अजून धड पिता येत नाही.

मी अधूनमधून दादांकडे जायचे. ते शांत झाले होते, जरा जास्तच. वहिनी आता मजेत उदबत्ती लावायच्या आणि लावली की स्वतःच हिरमुसून विझवायच्या.

या उन्हाळ्यात एके सकाळी त्यांचा फोन आला. "ये. आत्ता ये." पुढे काही नाही. मी चपला उलटसुलट घालून धावत सुटले.

वहिनी दारात उभ्या होत्या, तोंडाला पदर. "पहाटेपासना असाच चाललाय," त्या म्हणाल्या. "बघ तूच."

स्वयंपाकघरात दादा जमिनीवर बसले होते. पुढ्यात ताट. ताटात ठेचलेला लसूण, चिरलेला कांदा, बोंबलाचं कालवण, कॉफीची वाटी, वहिनींचा गजरा, साबणाची वडी. ते एकेक उचलून नाकाशी नेत होते आणि प्रत्येक वेळी त्यांना उमासा येत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सडलाय," ते मला म्हणाले. "सगला सडलाय, बाय. कांद्याला जललेल्या टायरचा वास. कॉफीला मेलेल्या उंदराचा. मोगरा तर, हा मोगरा तर गटार हाय."

मी कॉफी हुंगली. चांगली कॉफी होती. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मेलेली नस पुन्हा जुळायला लागली की असं होतं कधीकधी. वास येतात, पण चुकीचे येतात. पुढे सुधारेल का, सांगता येत नाही. तोवर ज्याचा त्रास होतो ते समोर आणू नका.

मी दादांना तसं सांगितलं. वहिनी लगेच ताट उचलायला वाकल्या.

दादांनी ताटावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने त्यांनी गजरा नाकाशी धरला होता, आणि त्यांचा सगळा चेहरा किळसेने वाकडा झाला होता.

"र्‍हाऊ दे," ते म्हणाले. "येतोय अजून."